जाहिरात आपली, नजर गिऱ्हाईकाची

रमजानच्या तोंडावर भाच्याच्या सरबताच्या दुकानासाठी आम्ही स्वतःच जाहिरातीचा फलक रेखाटला. गडद हिरव्यावर लाल अक्षरे, ग्लास, गुलाब, भाव, पत्ता, सारेच घातले. घरात तो फार देखणा वाटला. पहिल्या रोजाला मगरिबच्या सुमारास रस्त्यापलीकडून पाहिले, तर सरबताचे नावच वाचता येईना! उजेड उतरला की लाल रंग काळपट दिसतो आणि गडद रंगात विरून जातो. गिऱ्हाईक येण्याची वेळ मात्र तीच. कापडाचा रंग दारात, उजेडात नेऊन पारखणारे आम्ही. स्वतःच्या कामाला ती कसोटी लावली नाही.

'रूह अफजा'चे लेबल मिर्झा नूर अहमद यांनी १९१० साली रेखाटले. तशी रंगीत छपाई दिल्लीत होत नसल्याने ते मुंबईत छापून घेतले गेले. चांगल्या कामासाठी एवढी तोशीस घ्यावी लागते.

आम्ही फलक उतरवला. पांढऱ्यावर लाल नाव, एक ग्लास आणि भाव एवढेच ठेवले. मग एका अनोळखी हमालाला क्षणभर दाखवून विचारले, "काय लक्षात राहिले?" त्याने नाव आणि भाव बरोबर सांगितला.

मालातला ऐब गिऱ्हाईकाला सांगावा, ही आपल्या दीनची शिकवण. व्यापारी बंधूंनी स्वतःच्या कामातला ऐब निदान स्वतः तरी पाहावा.