गोधडी उभी टांगली की

गोधडीचा दर्शनी भाग जोडून झाला की सगळ्यांना लगेच अस्तर लावून टाके घालायला बसायचं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी तिथेच थांबवते. आधी तो उभा टांगा, फोटो काढा, मग पुढे चला. एकदा धावदोरा भरला की कापड आक्रसतं, जोडाच्या रेषा टाक्यांत मुरतात. गोधडीला ऊब येते, देखणेपणही येतं, पण ते निराळं. तुकडे जसे कापले आणि जसे शेजारी बसवले तसेच्या तसे दिसतात ते फक्त याच टप्प्यावर.

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत हा टप्पाच नव्हता. माझ्या सासूबाई कागलच्या. वाकळ करायची म्हणजे त्या जुनी लुगडी एकावर एक अंथरायच्या, वर चिंध्या मांडायच्या आणि कडेने शिवत शिवत मध्यावर यायच्या. तुकडा जोडणं आणि वाकळ शिवणं एकाच टाक्यात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंद अशीच कडेकडून आत जाते, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लागल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. सासूबाईंच्या एकाही वाकळीचा फोटो आमच्या घरात नाही. अंथरल्या, पांघरल्या, धुतल्या, शेवटी त्यांची पायपुसणी झाली. त्यांचा पिवळ्याशेजारी जांभळा ठेवायचा हात मला आठवतो, पण कुणाला दाखवू शकत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

गोधडी जमिनीवर असते तोवर ती अंथरूण असते. भिंतीवर गेली की लोक मांडणी बघायला लागतात. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या टांगल्या गेल्या, आणि तिकडची नजर बदलली. शिवणाऱ्या बायकांची नावं मात्र तिथे जवळजवळ नव्हतीच. 2002 साली अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या त्या त्यांच्या नावांनिशी. मला दुसरी रीत हवी आहे, आणि त्यासाठी संग्रहालयाची वाट बघायची गरज नाही. गच्ची आहे, फोन आहे.

टांगण्याआधी दर्शनी भाग नीट पुरा करायला हवा. सध्या माझ्या हातात आहे त्यात इरकली लुगड्याचे काठ आहेत, खणाचे चौकोन आहेत, मधे मधे मांजरपाट, आणि खालच्या पट्ट्याला उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतली कातरण. तो उलटा करून मी आधी दोरे छाटते. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. खणाचा एखादा तांबडा दोरा मागे राहिला तर मांजरपाटातून तो हातावरच्या शिरेसारखा वर दिसतो. मायाही त्याच कारणाने गडद तुकड्याच्या बाजूला वळवायची. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. घासली की उरेब कापलेले तुकडे ताणतात आणि चौकोनाचा पतंग होतो. भोवतीच्या पट्टीचं माप कडेवर न घेता मधोमध घ्यावं, कारण कड हाताळून हाताळून सैलावलेली असते. कडेच्या मापाने कापलेली पट्टी लाटा मारते. शेवटी चारी बाजूंनी, कडेपासून सुमारे 3 मिलिमीटर आत, मशीनची एक साधी टीप. टांगल्यावर सगळा भार वरच्या कडेवर येतो. ही टीप नसेल तर जोडांची टोकं उसवतात.

चिमट्यांनी दोरीवर टांगू नये. दोन चिमट्यांच्या मधे झोळ पडतो आणि सरळ रेषा कमानी होतात. वरच्या कडेच्या मागे चार बोटं रुंद पट्टी पूर्ण लांबीभर कच्च्या टाक्यांनी लावावी आणि तिच्यातून पडद्याचा दांडा घालावा. जीन्ससारखं जड कापड खाली येईल असं बघावं. मागे पांढरी चादर हवीच. एकेरी कापडातून पाठीमागचा उजेड आरपार येतो आणि समोरून मायेच्या सगळ्या रेघा दिसतात.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी आपला उजेड ओळखून घ्यावा. वाघबीळला आमच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर. सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो, पण आभाळ उजळच राहतं. तो मधला वेळ फोटोसाठी सोन्याचा. सावली नाही, चकाकी नाही, खणाचा किरमिजी रंग आहे तसाच येतो. पावसाळ्यातली ढगाळ उघडीपही तशीच. भर उन्हात मांजरपाट पांढराफटक पडतो. रस्त्याकडची बाल्कनी मात्र टाळावी. मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं उडवलेली धूळ आणि गायमुखकडे जाणारे ट्रक, फिकट कापडावर तासाभरात थर बसतो. गच्चीवर धूळ कमी, पण तिथे खाडीवरचा वारा असतो. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी खालची कड धरतात.

“मावशी, ओढू नका, नुसतं टेकवून धरा.”

“टेकवलंच आहे ताई. ओढतोय तो वारा.”

मग आम्ही दोघी झुळूक पडायची वाट बघतो.

फोन कापडाच्या बरोबर मध्याच्या उंचीवर धरावा. वरून धरला की गोधडी खाली निमुळती दिसते. जवळ उभं राहून अख्खी बसवायला गेलं तर कडा फुगतात, म्हणून मागे सरकायचं आणि दुप्पट झूम करायचा. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा चालू ठेवाव्यात, फ्लॅश बंद. तांबड्या आणि गुलाबी रंगांना फोन उगाच भडक करतो, तेव्हा उजेड बोटाने थोडा उतरवावा.

पूर्ण फोटो झाला की जिथे चार तुकडे मिळतात असा एक जोड जवळून घ्यावा. शिवणारीचा हात तिथे कळतो. आणि उलट बाजूचा फोटो कधीही सोडू नये. अस्तर लागलं की ती कायमची झाकली जाते. माया कुठे वळवली, कुठे कापड कमी पडलं म्हणून जोड दिला, हे सगळं तिथेच असतं. जुन्या लुगड्याचा रंगही उलट बाजूला पुष्कळदा कमी विटलेला मिळतो. माझ्या इरकलीचा काळा समोरून राखाडी दिसतो, मागून अजून काळाच आहे.

या उलट्या फोटोत एक कागद ठेवावा, वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात: शिवणारीचं नाव, गाव, साल, आणि कुठला तुकडा कुणाच्या कपड्यातला. गोधडी पुरी झाल्यावर हाच मजकूर मांजरपाटावर लिहून अस्तराच्या कोपऱ्यात शिवता येतो. मावशींनी परवा विचारलं, कड धरणारीचं नाव घालायचं का. घालायचं. घातलं आहे.