एकरातली बैलजोडी

पुण्यातल्या धायरी फाट्यावर चहा घेता घेता कान उघडे ठेवा. जमिनीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आमचा दीड एक्कर होता, आता पाच गुंठे उरलेत.’ सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो, माणसं मात्र अजून एकर-गुंठ्यातच बोलतात.

हा ‘एकर’ किती जुना असेल? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता! तेव्हा त्याचा उच्चार ‘ॲकर’च्या जवळ जाई आणि अर्थ होता नुसतं ‘शेत’. पुढे तो अर्थ आवळत गेला: बैलांनी दिवसभरात नांगरावं एवढं रान. जमिनीचं माप आणि त्यात चक्क घामाचा हिशेब!

आता त्या रानाचा आकार बघा. नांगराला जुंपलेले बैल वळवणं म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून शेताची पट्टी ठेवायची लांबलचक आणि अरुंद. बैलांनी एका दमात ओढायचं तास किती लांब? एक फर्लांग, म्हणजे 660 फूट. होय, आजोबा ‘दोन फर्लांगांवर’ म्हणायचे तोच. जुन्या इंग्रजीत ‘फुर्ह’ म्हणजे नांगराचं तास आणि ‘लांग’ म्हणजे लांब!

पट्टीची रुंदी 66 फूट. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 साली मोजणीची साखळी तयार केली, तीही नेमकी 66 फुटांची. 660 गुणिले 66 करा: 43,560 चौरस फूट. झाला एकर! आपल्याकडच्या मोजणीतली शंकुसाखळी गुंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी, 33 फुटांची. 33 गुणिले 33 म्हणजे 1,089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. म्हणजे ती जुनी पट्टी वीस गुंठे लांब आणि दोन गुंठे रुंद. एकराचे गुंठे चाळीसच का, हे कोडं सुटलं की नाही?

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. ऋग्वेदात ‘अज्र’ म्हणजे मोकळं रान. ‘अज्’ म्हणजे हाकणं. गुरं हाकायची ती जागा. हा ‘अज्र’ आणि तो ‘एकर’ सख्खे चुलतभाऊ! बैलांच्या मानेवरचं आपलं ‘जू’ आणि इंग्रजांचं ‘योक’ हेही एकाच घरातले. परका म्हणून आलेला शब्द हजारो वर्षांपूर्वी वेगळा झालेला भाऊबंदच निघाला.

2017 मध्ये धायरी पुणे महापालिकेत आली. रानांवर इमारती उभ्या राहिल्या, बैल दिसेनासे झाले. तरी पार्किंगमध्ये उभं राहून कुणी ‘अर्धा एक्कर’ म्हणतो, तेव्हा नकळत तो अर्ध्या दिवसाची नांगरटच सांगत असतो.