सायकलची साखळी घसरणे

पेडलवर जोर दिला असता साखळी दंतचक्राच्या दातांवर न ठरता एक वा अधिक दात ओलांडून पुढे सरकते, या दोषास साखळी घसरणे म्हणतात. साखळी चक्रावरून बाजूला उतरणे हा निराळा दोष असला, तरी दोहोंची काही कारणे समान आहेत. अनेक गिअरांच्या सायकलीचे एकगती सायकलीत रूपांतर केल्यानंतर हा दोष विशेषेकरून आढळतो. चढावर उभे राहून पेडल मारताना किंवा चौकातून जोराने निघताना साखळी एकाएकी घसरली, तर पायाखालचा आधार नाहीसा होऊन स्वार हँडलवर किंवा रस्त्यावर आदळू शकतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

रचना व कार्य : सायकलीसाठी वापरली जाणारी रोलर साखळी ही हान्स रेनल्ड यांनी मँचेस्टर येथे १८८० मध्ये तयार केलेल्या साखळीपासून विकसित झाली. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री येथे बनविलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत मागचे चाक साखळीने फिरविण्याची पद्धत यशस्वी ठरली आणि पुढे तीच रूढ झाली. साखळीतील दोन लगतच्या पिनांच्या मध्यांमधील अंतरास अंतराल म्हणतात. सायकलीच्या साखळीत ते १२·७ मिमी. (अर्धा इंच) असते. एकगती सायकलीच्या साखळीची आतील रुंदी बहुधा ३·१८ मिमी. असते, तर पाच ते आठ गिअरांच्या साखळीची सु. २·३८ मिमी. असते.

साखळीवर येणारा ताण बराच मोठा असतो. ६० किग्रॅ. वजनाच्या स्वाराने १७ सेंमी. लांबीच्या आडव्या क्रँकच्या पेडलवर आपला सर्व भार टाकला आणि पुढील चक्रास ४४ दाते असले, म्हणजे त्याची त्रिज्या सु. ८·९ सेंमी. असली, तर साखळीच्या वरच्या बाजूस सु. ११५ किग्रॅ. भाराइतका ताण येतो. मागील चक्रास १८ दाते असल्यास त्यांपैकी सु. ८ दात एका वेळी साखळीत गुंतलेले असतात. साखळी वरच्या बाजूने ज्या दातापासून सुटते त्या दातावर सर्वांत अधिक भार येतो व पुढील दातांवर तो क्रमाने कमी होत जातो. खालच्या सैल बाजूने साखळी चक्रावर चढते. तेथे ताण अगदीच नसेल किंवा दातांचा आकार बिघडलेला असेल, तर रोलर दातांच्या बुडाशी न बसता वर चढतात व साखळी पुढे उडी घेते.

रूपांतरामुळे होणारा फरक : गिअरांच्या सायकलीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतील कमानीवर चालणाऱ्या दोन लहान कप्प्या खालच्या बाजूची सर्व ढिलाई आपोआप ओढून घेतात. साखळी थोडी लांब असली किंवा झिजली, तरी त्यामुळे ती ताणलेली राहते. रूपांतराच्या वेळी ही यंत्रणा काढून टाकली जाते आणि ताण राखण्याचे काम करणारे काहीच उरत नाही. नव्याने साखळी घसरू लागली, तर दोष नवा उत्पन्न झाला असे नसून पूर्वी झाकलेला दोष उघडा पडला असेही पुष्कळदा असते. भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली काळी सायकल मुळातच एकगती असून तिच्या सांगाड्यात मागील चाकाच्या आसासाठी लांब खाच असते. साखळी ढिली झाली की चाक मागे ओढून ती ताणता येते. गिअरांच्या बहुतेक आधुनिक सायकलींत मात्र ही खाच उभी असते व तीत चाक मागेपुढे सरकविता येत नाही. रूपांतरातील मुख्य अडचण येथेच आहे.

कारणे : (१) ताण अपुरा असणे. (२) दातांचा आकार अयोग्य असणे. गिअरांच्या संचातील चक्रांचे काही दाते साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सहज जावी यासाठी मुद्दाम आखूड वा तिरपे केलेले असतात. यांतीलच एखादे चक्र एकगती सायकलीला ठेवल्यास साखळीची पकड कमी पडते. (३) नव्या व जुन्या भागांचा मेळ न बसणे. साखळी ‘लांबते’ याचा अर्थ तिचे पोलाद ताणले जाते असा नसून पिना व बुश झिजून प्रत्येक अंतराल किंचित वाढते असा आहे. जुन्या साखळीबरोबर दातेही झिजून आकड्यासारखे होतात. अशा दातांवर नवी साखळी नीट बसत नाही व जोर पडताच घसरते. (४) पुढील व मागील चक्रे एका प्रतलात नसणे. (५) एखादी कडी अखडलेली असणे. (६) आसाचे नट ढिले असल्यामुळे जोर पडताच मागील चाक खाचेत पुढे सरकणे. (७) फ्रीव्हीलमधील खिट्ट्या झिजलेल्या, मळाने चिकटलेल्या किंवा कमान तुटलेल्या असणे. शेवटच्या प्रकारात साखळी जागेवरच असते. तथापि पायाला बसणारा झटका साखळी घसरल्यासारखाच असल्यामुळे नवी साखळी घालूनही दोष जात नाही.

निदान : झटका किती अंतराने बसतो, यावरून दोषाची जागा पुष्कळ अंशी ओळखता येते. साखळी १०० अंतरालांची व पुढील चक्र ४४ दातांचे असल्यास अखडलेली कडी पेडलच्या सु. सव्वादोन फेऱ्यांमध्ये एकदा त्याच जागी येते. पेडलच्या प्रत्येक फेरीत ठराविक जागी झटका बसत असल्यास पुढील चक्राचा दात वाकलेला किंवा चक्र विषम फिरत असण्याचा संभव असतो. एका फेरीत सु. अडीच वेळा बसत असल्यास दोष मागील चक्रात शोधावा. केवळ अधिक जोर दिल्यावर अनियमितपणे झटका बसत असल्यास झीज, ढिलाई किंवा फ्रीव्हील यांकडे लक्ष द्यावे. यांपैकी नेमके कोणते ते ठरविण्यासाठी साखळीवर व तिच्याखालील दातावर खडूने खूण करून, सायकलीच्या बाजूस उभे राहून, मागील ब्रेक घट्ट दाबून पेडलवर पायाने जोर द्यावा. खुणा एकमेकींपासून सरकल्यास साखळी घसरते. खुणा जुळलेल्या असूनही पेडल झटक्याने पुढे गेले, तर दोष फ्रीव्हीलमध्ये असतो. ही चाचणी सायकलीवर बसून करू नये.

साखळीची झीज साध्या पट्टीने मोजता येते. नव्या साखळीतील २४ अंतराले ३०४·८ मिमी. (१२ इंच) भरतात. ती ३०६·३ मिमी. म्हणजे अर्धा टक्का अधिक भरू लागली की साखळी बदलावी. ३०७·८ मिमी. पर्यंत पोहोचल्यास दंतचक्रेही बहुधा निकामी झालेली असतात.

उपाय : चक्रांचे प्रतल प्रथम जुळवावे. सांगाड्याच्या मध्य प्रतलापासून दोन्ही चक्रांचे अंतर समान असावे व त्यासाठी मागील चक्राच्या बाजूंच्या कड्यांची जाडी बदलावी. गिअरांच्या संचातील चक्राऐवजी एकगती सायकलीसाठी केलेले, सर्व दाते पूर्ण उंचीचे असलेले चक्र बसवावे. साखळी व झिजलेली चक्रे एकदमच बदलणे अंती काटकसरीचे ठरते. अखडलेली कडी हाताने बाजूला वाकवून मोकळी करावी व तेल द्यावे.

खाच लांब असल्यास चाक मागे ओढून खालच्या बाजूच्या साखळीची मध्यावरील वरखाली हालचाल एकूण १ ते १·५ सेंमी. राहील इतका ताण ठेवावा. पुढील चक्र क्वचितच अगदी समकेंद्री असते, यास्तव पेडल पूर्ण फेरी फिरवून जेथे साखळी सर्वांत ताठ होते तेथे हे माप घ्यावे. ताण याहून अधिक ठेवल्यास धारव्यांवर व साखळीवर अकारण भार येऊन झीज वाढते. खाच उभी असल्यास ताण देणारी कप्पी बसवावी. साखळीला खालून वर ढकलणारी कप्पी मागील चक्राचे अधिक दाते गुंतवून ठेवते, म्हणून ती खाली ओढणाऱ्या कप्पीपेक्षा सरस ठरते. विकेंद्री आसाचा तळधारवा हा दुसरा मार्ग होय. दात्यांच्या संख्या निवडून कप्पीविना ताण जुळविण्याचाही प्रयत्न केला जातो. एक दात कमीअधिक केल्याने चाकाच्या जागेत सु. ३ मिमी. चा फरक पडतो. ही युक्ती टिकाऊ मात्र नसते. १०० अंतरालांची साखळी १ टक्का झिजली की ती एका अंतरालाने लांबते आणि चाक सु. ६ मिमी. मागे घ्यावे लागते. उभ्या खाचेत ते शक्य नसल्यामुळे सुरुवातीस अचूक बसलेली साखळी कालांतराने पुन्हा घसरू लागते.

चाक सरकविल्यानंतर ते मध्यावर आहे, टायर सांगाड्यास घासत नाही आणि ब्रेकचे रबर धावेवर नीट टेकते, हे पाहून आसाचे नट घट्ट आवळावेत. पावसाळ्यात चिखल व वाळू यांमुळे झीज जलद होते, म्हणून साखळी पुसून तेल देणे व महिन्यातून एकदा तिचे माप घेणे हितावह असते. कारण निश्चित न करता केवळ साखळी ताणत राहिल्यास झटका काही काळ थांबतो. झिजलेले दाते वा बिघडलेल्या खिट्ट्या मात्र तशाच राहतात व पुढील चढावर दोष पुन्हा उद्‌भवतो.