कमी लोखंड, जास्त शिसं: म्हाताऱ्या ताऱ्यांचा उलटा हिशोब

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग आधी एक प्रश्न. ज्या ताऱ्यात जन्मापासूनच लोखंड कमी, तो म्हातारपणी शिसं कमी बनवेल की जास्त? मला हे विचारलं तेव्हा मी ठामपणे "कमी" म्हणाले आणि तोंडावर आपटले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

सूर्यासारखा किंवा त्याच्या दोन-तीन पट वस्तुमानाचा तारा शेवटी फुगून राक्षसी तारा होतो. गाभ्याबाहेरच्या थरात कार्बन-१३ वर हीलियम आदळतं, ऑक्सिजन-१६ बनतं आणि एक न्यूट्रॉन सुटतो. त्यासाठी साधारण ९ कोटी केल्विन तापमान लागतं. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो लोखंडाच्या अणुकेंद्रकात सहज शिरतो. लोह-५६ चं ५७, ५८, मग ५९ होतं. लोह-५९ किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य सुमारे ४४ दिवस. पुढचा न्यूट्रॉन येण्याआधीच बहुधा त्याचं कोबाल्ट होतं. अशी एकेक पायरी चढत गाडी स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसं इथपर्यंत जाते. सगळं सावकाश, म्हणून नाव एस-प्रोसेस, 'स्लो' मधला एस.

आता उलटा हिशोब. आपल्या यवतमाळकडची लग्नाची पंगत आठवा. लाडू हजार. पाहुणे पाचशे असले तर प्रत्येकी दोन. पन्नासच आले तर प्रत्येकी वीस! इथे पाहुणे म्हणजे लोखंडाची केंद्रकं आणि लाडू म्हणजे न्यूट्रॉन. ग्यानबाची मेख अशी, की हा कार्बन-१३ तारा स्वतःच्याच हायड्रोजन आणि कार्बनपासून तयार करतो. त्यामुळे लोखंड कमी झालं म्हणून न्यूट्रॉन त्या प्रमाणात कमी होत नाहीत. प्रत्येक केंद्रकाच्या वाट्याला जास्त येतात आणि ते थेट शिशापर्यंत पोचतं. शिसं-२०८ मध्ये न्यूट्रॉन १२६, फार स्थिर रचना, म्हणून माल तिथेच साठतो. बिस्मथ-२०९ च्या पुढे गेलं तर अल्फा कण टाकून परत शिशावरच येतं.

हे नुसतं कागदावर नाही. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही लाल राक्षसी ताऱ्यांत टेक्नेशियम सापडलं. त्याचं सगळ्यांत टिकाऊ समस्थानिकही काही दशलक्ष वर्षांत निम्मं होतं, म्हणजे ते ताऱ्यातच नुकतं बनलेलं असणार. २००१ मध्ये सोफी व्हॅन एक आणि सहकाऱ्यांनी कमी लोखंडाचे, शिशाने भरलेले तीन तारे दाखवले.

पण इथे आणखी एक खड्डा आहे, सांभाळा. ते शिसं त्या ताऱ्यांनी स्वतः बनवलेलं नाही. शेजारच्या जोडीदाराने म्हातारपणी त्यांच्यावर ओतलं आणि तो स्वतः श्वेत बटू होऊन विझत चालला. आपण वाचतो तो वर्णपट वारसदाराचा.

म्हणून मुलाखतीत "किती बनेल?" असं विचारलं, की आधी दोन आकडे मांडा: न्यूट्रॉन किती आणि ते घ्यायला बसलेली केंद्रकं किती. उत्तर त्या भागाकारात आहे.