पाच नटांचं वर्तुळ

ताडोबाच्या जंगलात, मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी पहाटे जिप्सींची रांग लागते, तेव्हा पर्यटकांचे डोळे जंगलाकडे लागलेले असतात. जुन्या गाड्यांचा नाद असलेला माणूस मात्र आधी खाली बघतो, चाकांकडे. धुळीनं माखलेली पंधरा इंची पोलादी डिस्क, मधोमध हब आणि त्याभोवती पाच नट. हे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास 139.7 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं वर्तुळ हेच होतं. मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतलेल्या जीपचंही हेच, आणि जिप्सीनंतर आलेल्या जिम्नीचंही हेच.

मारुतीची जिप्सी 1985 साली आली. 970 सीसीचं छोटं इंजिन आणि अरुंद अंग, त्यामुळे ती वळणावर डुलायची. 1993 मध्ये डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 90 मिलिमीटरनं वाढवलं आणि तिचे पाय जमिनीवर नीट टेकले. 1996 मध्ये 1298 सीसीची ‘किंग’ आली. 2019 च्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी ताडोबाच्या वाटांवर सहा पर्यटक, गाईड आणि चालक घेऊन ही गाडी धावतच राहिली. मंगळवारी आणि पावसाळ्यात तीन महिने गाभा क्षेत्र बंद. बाकीचे दिवस धूळ, खड्डे आणि चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांपुढचा उन्हाळा. कामाच्या गाडीला पोलादी चाक का हवं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाकलेली पोलादी रिम ठोकून बऱ्यापैकी सरळ करता येते. तडकलेली मिश्रधातूची रिम बदलावीच लागते.

हौशी माणसाचं गणित वेगळं असतं. त्याला जुन्या गाडीची प्रतिकृती उभी करायची असते आणि बहुतेकांचं काम अखेरच्या टप्प्यावर, चाकांवर येऊन अडतं. चासी झाली, पत्रा झाला, रंग झाला. मग मनातलं चाक आणून बघावं तर ते हबवर बसतच नाही. खरं तर चाक सर्वांत आधी ठरवायला हवं. प्रतिकृतीचे हब, ब्रेक आणि ॲक्सल सहसा दुसऱ्याच एखाद्या गाडीतून आलेले असतात, आणि कुठलं चाक बसणार हे ती गाडी ठरवते.

मोजमापात पहिली गडबड होते ती पाच नटांमुळे. चार नट असले तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घेतलं की वर्तुळाचा व्यास मिळतो. पाचांत कुठल्याच स्टडसमोर दुसरा स्टड नसतो. मग व्हर्नियरनं शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि त्याला 1.701 ने गुणायचं. जिप्सीवर हे अंतर साधारण 82.1 मिलिमीटर भरतं, गुणाकार 139.7 च्या घरात येतो. एवढं जुळलं म्हणजे चाक बसलंच असं नाही. मधलं भोक हबवर जायला हवं, रिम ब्रेकला घासता कामा नये आणि चाक मडगार्डच्या किती आत किंवा बाहेर राहतं तेही बघावं लागतं. स्टील डिस्कचा नट मिश्रधातूच्या चाकाच्या खाचेत बसेलच असंही नाही.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बनली ती अलिबागजवळ कार्ले खिंडीत. चिंकारा मोटर्सची ‘रोडस्टर’ ही ब्रिटिश लोटस सेव्हनच्या वळणाची उघडी, दोन आसनी गाडी. नळ्यांची चासी, फायबरचं अंग आणि त्यात 1.8 लिटरचं इसुझू इंजिन. हे इंजिन आपल्याकडे ॲम्बेसेडरमध्ये यायचं. सरकारी ॲम्बेसेडरच्या इंजिनावर लोटसच्या वळणाची गाडी उभी करणं हे धाडसाचं काम होतं, आणि त्याची दखल घ्यावी तेवढी मराठीत घेतली गेलेली नाही.

मूळ सेव्हन लोटसच्या कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये आणली. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती पेटीत भरून विकली जाई आणि घेणारा घरी जोडून घेई. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. घरच्या शेडमध्ये जोडता येईल इतकी ती साधी होती, म्हणूनच जगभर तिच्या नकला झाल्या. चॅपमनच्या रेसच्या गाड्यांना मॅग्नेशियमची नागमोडी पृष्ठभागाची चाकं असत. घडी घातलेला कागद सपाट कागदापेक्षा ताठ राहतो, त्याच न्यायानं पातळ धातूला बळ यायचं.

त्या काळच्या स्पोर्ट्स कारची ओळख मात्र तारांच्या चाकानं ठरली. 1945 ते 1949 दरम्यान बनलेली एमजी टीसी तर एकोणीस इंची तारचाकांवर उभी असे. बैलगाडीच्या चाकात ओझं खालच्या लाकडी आऱ्यावर उभं राहतं. बारीक तार तसा दाब सोसू शकत नाही, म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते. ओझं आलं की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, एवढंच. असं चाक सरळ करायला बसलेला कारागीर पान्ह्यानं एकेक तार हलकेच वाजवतो. ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द बोलते. तारेच्या टोकाचं निपल पाव फेरा आवळायचं, चाक फिरवायचं, रिमच्या कडेशी धरलेल्या खुणेपासून अंतर बघायचं, पुन्हा पाव फेरा. तारांच्या भोकांतून हवा गळते, त्यामुळे आत ट्यूब हवीच.

हे चाक हबवरच्या खाचांत सरकवून मध्ये एकच मोठा नट लावतात आणि त्याचे कान तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्यानं ठोकून आवळतात. गाडीच्या उजव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. गाडी पुढे धावताना होणारी बारीक हालचाल नट सैल करण्याऐवजी घट्ट करते. विलीज जीपवर नेमकी याच्या विरुद्ध व्यवस्था दिसते: तिथे उलटे आटे डाव्या बाजूच्या स्टडना. हे ठाऊक नसलेल्या माणसानं चुकीच्या दिशेनं जोर लावला की स्टड तुटतो.

अमेरिकेनं 1968 पासून हे कानवाले नट सुरक्षेपायी बंद केले आणि कंपन्यांनी अष्टकोनी नट आणले. कोब्रा ही जगात सर्वाधिक नकला झालेल्या गाड्यांपैकी एक. तिच्या पुष्कळ प्रतिकृतींवर आज साध्या पाच नटांचं चाक लावून वर शोभेचा कानवाला नट चिकटवतात. हा प्रकार प्रस्तुत लेखकाला रुचत नाही. गाडी पाच नटांची असेल तर तिचे पाच नट दिसू द्यावेत. साध्या पोलादी चाकांवर उभी असलेली सेव्हन कशी देखणी दिसते, हे पाहिलेल्याला शोभेचा नट लागत नाही.

विदर्भातल्या हौशी माणसाला सर्वांत जवळची वाट जीपचीच आहे. लष्कराच्या लिलावातून आलेली किंवा एखाद्या वाड्याच्या मागे गंजलेली महिंद्रा घ्यायची आणि तिला युद्धकाळातलं रूप द्यायचं. सोळा इंची रिम आणि 6.00-16 चे जाड खाचांचे टायर तिच्या मूळच्या हबवर विनातक्रार चढतात. युद्धकाळातली दोन भागांची ‘कॉम्बॅट’ रिम मिळाली तर मात्र सांभाळून. तिचे दोन भाग वेगळ्या नटांनी जोडलेले असतात आणि टायरमध्ये हवा असताना ते नट सोडले तर रिम उसळून जीव जाऊ शकतो. आधी वॉल्व्हचा गाभा काढून सगळी हवा सोडायची, मगच पान्हा लावायचा.

पुढचा मुक्काम आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000. पण त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते आणि रोजच्या वापराला मुभा नाही. नव्यानं उभ्या केलेल्या प्रतिकृतीला ही सवलत मिळत नाही. म्हणून चंद्रपूरच्या एमएच 34 किंवा शेजारच्या एमएच 33 क्रमांकाची जुनी जीप हाती लागली, तर तिच्या कागदावरचा चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून बघणं हे रंगाच्या आणि चाकांच्या खरेदीआधीचं काम. क्रमांक जुळला, तर तिला तिच्याच जुन्या रूपात परत नेणं कायद्यात बसतं, आणि त्यासाठी लागणारी पाच नटांची रिम जुन्या बाजारात अजून मिळते.