अफगाण चर्चच्या रंगीत काचा

वणी-मुकुटबनच्या टापूत चुनखडीचे नाव निघाले की सिमेंटाखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे उभे राहत नाही. परंतु हाच चुना वाळू आणि सोडा यांच्यासह भट्टीत वितळून एकजीव झाला म्हणजे त्याची काच होते, आणि त्या रसात तांब्याचे वा कोबाल्टचे भस्म पडले म्हणजे ती रंग धारण करते, याचा प्रत्यय आमच्या भागातून मुंबईस जाणाऱ्याने एकदा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये अवश्य घ्यावा. गेटवेपाशी छायाचित्रे काढून परतणारी मंडळी सहसा इतक्या दूर येत नाहीत.

इतिहास थोडक्यात असा, की काबूलच्या तख्तावर आपल्या मर्जीतला अमीर बसविण्यासाठी 1838 साली कंपनी सरकारने काढलेल्या मोहिमेत मुंबई इलाख्याची फौज सिंधच्या मार्गाने गेली, आणि 1842 च्या काबूलहून माघारीत जो अनर्थ ओढवला तो सर्वश्रुतच आहे. सिंध आणि अफगाणिस्तान येथे पडलेल्यांच्या स्मरणार्थ 1847 मध्ये या मंदिराचा पाया घातला गेला, 1858 मध्ये ते उपासनेस खुले झाले, आणि 198 फुटी मनोरा 1865 मध्ये पुरा झाला. त्याच्या अखेरच्या खर्चाला कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी हात दिला, हे त्या काळच्या मुंबईला साजेसेच म्हणायचे.

बाहेरून पाहिल्यास येथील रंगीत काचांच्या खिडक्या नुसत्या काळवंडलेल्या भासतात. आत काळोख वाटला म्हणून दिवे लावता येतील का असे विचारले, तेव्हा तेथील वृद्ध सेवेकरी हसून म्हणाले, "दिवा लावला साहेब, की काच मरते. जरा बसा." बसल्यावर निळा आणि माणकासारखा तांबडा रंग हळूहळू उमलू लागला.

या काचांचा कर्ता विल्यम वेल्स हा न्यूकॅसलचा, आणि मूळचा चहा-किराण्याचा व्यापारी! दुकानाच्या मागच्या अंगणात त्याने हौसेने एक भट्टी घातली, जर्मनीत जाऊन ही विद्या शिकून घेतली, आणि 1838 मध्ये, म्हणजे इकडे फौजा कूच करीत होत्या त्याच वर्षी, काचचित्रांचा कारखाना काढला. काचेचे तुकडे बेतून कापावे, त्यांवर चेहरे व वस्त्रांच्या चुण्या रंगवून ते पुन्हा भाजावे, मग शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखावे, असे हे किचकट काम. त्यावर त्याने गेट्सहेडला वाडा आणि उद्यान उभारले, पुढे आर्थिक ओढाताणीत ते नगरपालिकेला विकले, आणि 1881 मध्ये मरेपर्यंत त्याच वाड्यात राहिला. काळाने शिसे वाकते, सांधे सुटतात, आणि मग जाणकार हात लागतो. राजाबाई टॉवरच्या काचा स्वाती चंदगडकर यांनी ज्या निगुतीने सावरल्या, ती पाहता ही विद्या आता इकडेही रुजली आहे.

मिशनरी हिस्लॉपसाहेबांमुळे नागपूरकरांना परिचित असलेल्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पंथाने सोळाव्या शतकात असली चित्रे आपल्या मंदिरांतून हद्दपार केली होती. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा आत आली, ती बहुतांशी दिवंगतांच्या स्मरणाचा परवाना घेऊन. अफगाण चर्च अँग्लिकनांचे, त्यांना असला संकोच नव्हता. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच या दोन्ही परंपरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या.

भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. हाताखालचे अंमलदार व शिपाई मात्र संख्येने इतके, की त्यांची नावे लिहिणे अशक्य, असे स्मारकलेखच सांगतो. ज्या सरकारच्या हजेरीपटावर त्यांतल्या प्रत्येकाचे नाव पगारासाठी चढत होते, त्याला भिंत तेवढी अपुरी पडावी, हे कारण निदान मला तरी पटले नाही.