दशमांश : अर्पणाचे प्रमाण आणि त्याचा भार

ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा कितवा भाग मंडळीस अर्पण करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ धर्मशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देऊ जाता उत्पन्न कशास म्हणावे, गरज कोठे संपते, आणि समान प्रमाण म्हणजे समान भार होय काय, असे तीन प्रश्न पुढे येतात. ते अर्थशास्त्राच्या कक्षेतील आहेत. 'दशमांश' हे या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर होय. त्याची या दृष्टीने परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, जुन्या करारातील दशमांश एकविध नव्हता. 'गणना' या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायाप्रमाणे तो लेव्यांचा होता. कारण त्या वंशास जमिनीचा वाटा नव्हता. लेव्यांनीही मिळालेल्या भागाचा दशमांश याजकास द्यावयाचा असे. 'अनुवादा'च्या १४ व्या अध्यायात मात्र दशमांश देणाऱ्यानेच तो सहकुटुंब देवासमोर भक्षण करावा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवावा, असे सांगितले आहे. यहुदी शास्त्रकारांनी या वचनांचा मेळ असा घातला : पहिला दशमांश नित्याचा, उरलेल्यातून दुसरा दशमांश सात वर्षांच्या चक्रातील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी, त्याच्या जागी तिसऱ्या व सहाव्या वर्षी गरिबांचा दशमांश, आणि सातव्या वर्षी जमीन पडीक, म्हणून काहीच नाही. याजकांचा अल्पसा अग्रभाग सोडला, तर १०० मण धान्यातून प्रथम १० व नंतर ९ असे १९ मण वेगळे निघत. म्हणजे 'दशमांश' हा वस्तुतः पंचमांशाच्या जवळ जात असे. मात्र त्यातील काही भाग पुन्हा देणाऱ्याच्याच पंक्तीस येई.

युरोपात या अर्पणास कराचे रूप आले. ५८५ च्या माकों येथील धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराचे भय घातले, व ७७९ मध्ये शार्लमेनच्या आज्ञेने त्यास राजसत्तेचे पाठबळ मिळाले. आपल्याकडील सरदेशमुखीचा दहावा हिस्सा राज्याच्या हक्काचा होता. येथे देवळाचा दहावा हिस्सा तसाच वसुलीचा विषय झाला. त्याची आकारणी खर्च वजा न करता एकूण पिकावर होई. त्यातील विषमता अॅडम स्मिथ याने १७७६ मध्ये दाखवून दिली. सुपीक जमिनीत निम्मे पीक शेतकऱ्याचा खर्च व नफा भागवते आणि निम्मे खंडास उरते असे धरले, तर दशमांश त्या खंडाचा पाचवा भाग घेतो. निकस जमिनीत चार-पंचमांश पीक खर्चातच जाते. तेथे तोच दशमांश उरलेल्या खंडाचा निम्मा भाग गिळतो. प्रमाण एकच, परंतु भार अडीचपट. फ्रान्समध्ये ही वसुली १७८९ मध्ये रद्द करण्यात आली. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आकारणी सुरू झाली.

स्मिथचा हा हिशेब कुटुंबासही लागू पडतो. ज्याची मासिक प्राप्ती २०,००० रुपये व अपरिहार्य खर्च १९,००० रुपये आहे, त्याचा २,००० रुपयांचा दशमांश मुलांच्या अन्नवस्त्रातून निघेल. ज्याची प्राप्ती १,००,००० व तसाच खर्च ४०,००० आहे, त्याच्या शिलकीतून दशमांश केवळ सहावा भाग नेतो. जर्मनीतील मंडळी-कर उत्पन्नावर नसून आयकराच्या रकमेवर, राज्यपरत्वे ८ किंवा ९ टक्के, असा असतो. त्यामुळे आयकराची चढती श्रेणी त्यास आपोआप प्राप्त होते, व ज्यास आयकर लागत नाही त्यास सामान्यतः हा करही लागत नाही.

परंतु शिलकीवर आकारणी करावी म्हटले की दुसरी अडचण उभी राहते. उत्पन्न वाढते तशी 'गरज'ही वाढते, आणि शिल्लक कधीच दिसत नाही. ठराविक अंशाचा खरा गुण हा की, तो मनुष्यास आपल्याच मनाशी लबाडी करू देत नाही. या पेचातून जॉन वेस्ली याच्या एका प्रवचनातील उदाहरण मार्ग दाखविते; ते त्याचे स्वतःचेच असावे असे सामान्यतः मानले जाते. ३० पौंड उत्पन्न असता तो मनुष्य २८ पौंडांत राहिला व २ पौंड त्याने दिले. पुढे उत्पन्न अनुक्रमे ६०, ९० व १२० पौंड झाले, तरी खर्च २८ च राहिला. दान ३२, ६२ व ९२ झाले. म्हणजे पंधराव्या हिश्श्यापासून तीन-चतुर्थांशाहून अधिकापर्यंत प्रमाण चढत गेले. येथे निश्चित केलेली गोष्ट दानाचा अंश नसून गरजेची मर्यादा आहे, आणि ती उत्पन्न वाढण्यापूर्वी ठरविलेली आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न स्वावलंबनाशी जोडला गेला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. ज्या अमेरिकन बोर्डाचे हे मिशन होते, त्याचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी एतद्देशीय मंडळ्यांनी आपला खर्च आपण चालवावा या तत्त्वाचा पुरस्कार केला. पाळकाचे वेतन जो देतो त्याचा शब्द मंडळीत चालतो. म्हणून सभासदांच्या अर्पणावर मंडळीचे स्वातंत्र्य अवलंबून होते. परंतु अवर्षणप्रवण प्रदेशातील कोरडवाहू शेतकऱ्यास किंवा शेतमजुरास दरमहाचा अंश ठरविणे अवघड. बियाणे हे उत्पन्न नव्हे, आणि १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी दहाव्या भागाची गोष्टच उरत नाही. 'जसे यश मिळेल तसे' बाजूस ठेवण्याची जी सूचना पौलाने करिंथकरांस केली, ती अशा अनिश्चित प्राप्तीस अधिक लागू पडते.

तात्पर्य, तीन गोष्टींचा क्रम ध्यानात ठेवावा. उत्पन्न मोजताना ते मिळविण्याचा खर्च वजा करावा, संसाराचा करू नये. गरजेची मर्यादा आधी लिहून ठेवावी. आणि तिच्यापलीकडे अर्पणाचा अंश चढता असावा. मर्यादेच्या आत असलेल्या कुटुंबाकडून दशमांशाची अपेक्षा धरणे न्याय्य नाही. तिच्यापलीकडे गेलेल्या कुटुंबाने दशमांशावरच समाधान मानणेही तितकेसे न्याय्य नाही. ही मर्यादा कोणी ठरवावी, असे विचारल्यास उत्तर एकच : ज्याचा संसार त्याने. मंडळीने ती तपासू लागावे, तर अर्पणाचा पुन्हा कर होईल.